आतला खिसा

पोलीस प्रशिक्षण शाळेच्या मागच्या गल्लीत टेलरकाकूंचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा आणि खिळ्यांवर ओळीनं टांगलेले गणवेश. सरकारी गणवेश येतात तीन मापांत आणि देवानं माणसं घडवलीत तीनशे मापांत, त्या फरकावर काकूंचं पोट चालायचं. तोंडात टाचण्या धरून त्या माप घ्यायच्या आणि टाचण्यांच्या फटीतून बोलायच्याही. "श्वास सोडा साहेब. पोट आत ओढून माप दिलंत, तर उद्या जेवल्यावर बटण उडेल आणि शिव्या मला खाव्या लागतील." शिकाऊ पोलीस निमूटपणे श्वास सोडायचे.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र सकाळभर दुकान बंद. त्या दिवशी काकू शाळेत शिकवायला जायच्या. काय शिकवायच्या, तर तिथं जाऊन तासभर त्या आपला मुलगा व्हायच्या. ऐकणारा हसतो, म्हणून हे मुळापासून सांगितलेलं बरं.

मुलगा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. हात असा, की रेघ मारली तर फूटपट्टीनं लाजावं. सव्विसाव्या वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं. खिशात तो कायम एक घडी घातलेला कागद ठेवायचा आणि लोक तो बाहेरूनच वाचतात, असं त्याला वाटायला लागलं. रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून विचारायचा, "माझ्या खिशातलं वाचलंत का?" कुणी हसायचं, कुणी ढकलून पुढं जायचं. काकूंनी वाद घातला नाही. एका दुपारी त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवले आणि आतल्या बाजूनं लावून दिले. गोळ्यांनी काय केलं असेल ते केलं, पण त्या खिशांनी एक वर्ष घरात शांतता ठेवली, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनीही मान्य केलं होतं.

मग गोळ्या सुटल्या. तीन दिवस तो झोपला नाही. चौथ्या दिवशी दुपारी काकूंची मोठी कात्री घेऊन बसला आणि घरातल्या कपड्यांच्या मानेमागची लेबलं कापायला लागला, कारण ती ऐकतात म्हणे. घरातली संपली तसे गिऱ्हाइकांचे गणवेश ओढले. काकू कात्री घ्यायला गेल्या तर तो ओरडला. असा तो जन्मात ओरडला नव्हता. काकूंनी पोलीस चौकीला फोन लावला. "हातात कात्री आहे, लवकर या," एवढंच बोलल्या. खोटं एक अक्षर नव्हतं. पण कात्रीनं तो लेबलं कापतोय, आजवर त्यानं कुणाला साधं बोटही लावलेलं नाही, हे सांगायचं राहून गेलं.

चौघं आले. कडी काकूंनीच काढली. पुढचं सगळं कापायच्या टेबलावर झालं. मनगट पिरगाळलं, मान दाबली, शर्ट टरकला आणि आतल्या खिशातला कागद जमिनीवर पडला. एकानं तो उचलून मोठ्यानं वाचला. कागदावर होतं काय? दुकानाचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली, 'हरवलो तर इथं आणून सोडा.' दुसरा पोलीस त्यातला जरा बरा. तो म्हणाला, "चल रे, चहा पिऊन येऊ." आणि चहाच्या नावाखाली त्याला दवाखान्यात नेऊन टाकलं. जाताना मुलानं पोलिसांकडे बघितलंच नाही. तो कडीकडे बघत होता.

पाच आठवड्यांनी घरी आला तो शांत. जेवायचा, गोळ्या घ्यायचा, कडीकडे बघायचा. आठव्या दिवशी सकाळी बाहेर पडला तो आलाच नाही. हरवल्याची तक्रार काकूंना त्याच चौकीत द्यावी लागली, त्याच चौघांपैकी एकासमोर बसून. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची कुणाच्या नावानं?

या गोष्टीला वर्ष झालं असेल, दवाखान्यातल्या डॉक्टरबाई दुकानात आल्या. त्यांनी शाळेत नवे तास सुरू केले होते, मन बिघडलेल्या माणसाशी पोलिसानं कसं वागावं याचे. घरच्या माणसानं चार शब्द बोलावेत, असं त्यांना वाटत होतं. काकू कागदावर लिहून घेऊन गेल्या, तिसऱ्याच ओळीला रडायला लागल्या, आणि समोर तिसऱ्या रांगेत एका जाडगेल्या पोलिसानं दाढा दिसतील अशी जांभई दिली.

काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं. म्हणाल्या, "तुम्ही. जांभईबहाद्दर. या पुढं. मी आता माझा मुलगा आहे. मला या खोलीतून बाहेर काढून दाखवा." वर्ग खिदळला. पाच फुटी, साठीला टेकलेली, गळ्यात टेप अडकवलेली बाई म्हणते मी अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे. तो पोलीसही हसत आला, "चला काकू," म्हणाला आणि त्यानं मनगट धरलं. आणि काकू ओरडल्या. त्या दुपारी मुलगा ओरडला होता तसं, त्याच्या आवाजात. नंतर डॉक्टरबाई सांगायच्या, की त्यांनी इतकी वर्षं पुस्तकं वाचून जे शिकवलं ते एका बाजूला आणि ती आरोळी एका बाजूला. जांभईबहाद्दराचा हात सुटला आणि तो दोन पावलं मागं जाऊन भिंतीला टेकला.

तेव्हापासून हे पाच वर्षं चाललं. टोपी काढा. वायरलेसचा आवाज बंद करा, त्याला तो डोक्यातला वाटतो. बोलेल तो एकच, बाकीचे मागं. त्याच्यापेक्षा खाली बसा. मनगटाला हात लावाल तर याद राखा. फोनवर ऐकलेलं अर्धं असतं, उरलेलं दारात उभं राहून विचारा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, जे पाळता येणार नाही ते बोलू नका. चहा म्हणालात तर चहाच पाजा.

खिशाच्या प्रश्नाला मात्र सगळे आपटायचे. काकू खुर्चीत अंग चोरून बसायच्या, छातीवर हात दाबून विचारायच्या, "माझ्या खिशातलं वाचलंत का?" एक म्हणायचा, "खिशात काहीच नाहीये रे." "चूक. आता मी तुम्हाला खोटारडा समजतो." दुसरा म्हणायचा, "हो, वाचलं, पण कुणाला सांगणार नाही." मग काकू खुर्चीसकट मागं सरकायच्या. बरोबर उत्तर सापडायला अर्धा तास जायचा आणि ते इतकं साधं असायचं की सगळे एकमेकांकडे बघायचे. "नाही वाचलं. मला इथून दिसत नाही."

"काकू, दर महिन्याला हे झेपतं ना तुम्हाला?" डॉक्टरबाई विचारायच्या. "झेपतंय," काकू म्हणायच्या. झेपण्याचा प्रश्नच नव्हता, पण ते सांगणार कुणाला. महिन्यातून तो एक तास मुलगा घरी यायचा. त्याचे शब्द, त्याची मान वळवायची तऱ्हा, बोलता बोलता नखानं टेबलावर रेघ मारायची सवय, सगळं काकूंच्या अंगात येऊन बसायचं. त्याचा आवाज ऐकायचा दुसरा काही मार्गच उरला नव्हता. एका सोमवारी सुट्टीमुळे तास रद्द झाला, तर ही बाई दिवसभर गिऱ्हाइकांवर उखडलेली. आणि मनाच्या तळाशी एक हिशेब होता तो वेगळाच. दर महिन्याला तीस जण शिकून चार दिशांना जातात. त्यातल्या कुणाला तरी, कुठंतरी, एक दिवस तो भेटेल. ते त्याला ओळखतील, आणि घेऊन येतील.

मुलगा घर सोडून गेल्याचं सहावं वर्ष सरत आलं होतं. एका गुरुवारी दुपारी जांभईबहाद्दर साध्या कपड्यांत दुकानाच्या दारात उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याची लांब बदली झाली होती.

"ये. पोट सुटलंय तुझं," काकू म्हणाल्या. "पँट आणलीस का?"

"पँट नाही, काकू. तुम्ही आधी मशीन थांबवा."

काकूंनी मशीन थांबवलं.

"भेटला," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. एका दुकानदाराची तक्रार आली होती, एक वेडा पायरीवर बसतो आणि गिऱ्हाइकांना काहीबाही विचारतो. हा गेला. बरोबर दोघं होते, त्यांना लांब थांबवलं. टोपी काढली, खालच्या पायरीवर बसला. त्या माणसानं छातीवर हात ठेवून विचारलं, माझ्या खिशातलं वाचलंत का. "काकू, तोच सूर. मी म्हटलं, नाही वाचलं, मला इथून दिसत नाही. तर तो माझ्याकडे वळला. शर्ट निळा होता, फाटका. खिसा आतून होता, हातानं लावलेला, वेडेवाकडे टाके."

"स्वतः लावलेला," काकू म्हणाल्या.

"चहा घेतला आम्ही. पाव खाल्ला त्यानं, दोन. तासभर बोललो. मग मी विचारलं, आईकडे जायचं का? तो उठला आणि चालायला लागला."

"आणि?"

"आणि मी जाऊ दिलं."

काकू उभ्या राहिल्या. मांडीवरची पँट खाली पडली. "जाऊ दिलंस? तिघं होतात ना तुम्ही? गाडी होती ना? हातांना काय झालं होतं तुझ्या? सहा वर्षं. सहा वर्षं मी या दाराची कडी लावलेली नाही, आणि तू त्याला पाव खायला घालून जाऊ दिलंस?"

"तुम्हीच शिकवलंत, काकू. मनगटाला हात लावाल तर याद राखा."

गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती अशी. काकू पुन्हा खाली बसल्या.

"गाव कुठलं?"

त्यानं खाली पडलेली पँट उचलून टेबलावर ठेवली.

"गाव कुठलं, विचारतेय मी."

"जाता जाता वळून म्हणाला, 'आईला भेटलो म्हणून सांगा. कुठं ते सांगू नका.' मी हो म्हटलं." तो मान खाली घालून बोलत होता. "पाळता येणार नाही ते बोलू नका, हेही तुमचंच. मी फोनवर सांगणार होतो, पण धीर झाला नाही. आठवड्याची रजा काढून आलोय. आता मला काय मारायचं ते मारा."

काकूंनी मारलं नाही. पाणी दिलं. मग एकेक विचारत बसल्या. दाढी आहे का. पायात काय होतं. खोकत होता का. हसला का एकदा तरी. तो आठवून आठवून सांगत होता आणि सांगण्यासारखं संपलं, तरी काकूंचं विचारणं संपेना.

महिन्याचा पहिला सोमवार आला. शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाच्या दारालगत, बदल्यांची यादी लावलेली असायची. कोण कुठल्या चौकीला, सगळं टाइप केलेलं. पाच वर्षं काकू तिच्यासमोरून गेल्या होत्या, कधी ढुंकून बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पिशवीत टाकला आणि झपाझप पुढं गेल्या. चार पावलांवर थांबल्या. मागं आल्या, चष्मा घातला, आणि जांभईबहाद्दराच्या नावापुढचं गाव वाचलं. आईच ती, कुणी दगडाची मूर्ती नव्हे.

त्या दिवशीचा तास कसा झाला ते त्यांना आठवत नाही. घरी येऊन त्यांनी सासरी असलेल्या लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "आई, पहिली बस पकड, मीही निघते. दोघी जाऊन आणू त्याला." काकूंनी पिशवी भरली. त्याचा टॉवेल, गोळ्यांची जुनी चिठ्ठी, पाव. पिशवी मांडीवर घेऊन दुकानात बसल्या, रिक्षाची वाट बघत. समोर दार होतं, दाराला ती कडी. आपण तिथं जाऊ, तो पायरीवर बसलेला असेल, आपल्याला बघेल. आणि काय बघेल? त्या दिवशी जिनं कडी काढली, तीच न विचारता पुन्हा समोर येऊन उभी. मग तो त्या पायरीवरूनही उठेल, त्या गावातूनही उठेल, आणि पुढच्या गावात टोपी काढणारा पोलीस असेलच असं कुणी सांगावं?

रिक्षा आली, हॉर्न वाजवून वाजवून गेली. काकूंनी लेकीला पुन्हा फोन केला. "तू निघू नकोस. मी जात नाहीये." लेक रडली, बोलली, आई तुला झालंय काय म्हणाली. काकूंनी ऐकून घेतलं. मग पिशवी रिकामी केली, फडताळातून निळं कापड काढलं आणि टेबलावर पसरलं.

मंगळवारी जांभईबहाद्दर निरोप घ्यायला आला, तेव्हा शर्ट इस्त्री करून तयार होता. मानेमागं लेबल नाही, खिसा आतून, दुहेरी शिवणीचा.

"माप कुठून घेतलंत?"

"माप कशाला हवं? मला पाठ आहे तो," काकू म्हणाल्या. "आणि हे बघ. मी यादी वाचली."

त्याचा चेहरा पडला.

"तुझ्याशी खोटं बोलणार नाही आणि तूही त्याच्याशी बोलू नकोस. विचारलंच तर सांग, आईनं वाचलं. पण बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाली."

त्यानंतर दोन महिने काहीच नाही. दोन्ही महिन्यांचे पहिले सोमवार आले आणि गेले. काकू मुलगा होऊन खुर्चीत बसायच्या, पण आता दर वेळी एक अडचण यायची. त्या जो मुलगा करून दाखवत होत्या तो सहा वर्षांपूर्वीचा, आणि कुठंतरी एक खराखुरा होता, दाढी वाढलेला, दोन पाव खाणारा, जो त्यांना ठाऊक नव्हता. आपल्याला जो पाठ आहे तो आता कुठंच राहत नाही, हे एकदा भर वर्गात त्यांच्या मनात आलं आणि पुढचा शब्दच सुचेना. डॉक्टरबाईंनी सावरून घेतलं. त्या दिवशी काकू घरी येऊन मशीनवर डोकं टेकून रडल्या.

तिसऱ्या महिन्यात जांभईबहाद्दर आला. हातात कागदी पिशवी. काकूंनी आत बघितलं. निळा शर्ट होता, घातलेला, धुतलेला, नीट घडी न घातलेला.

"नको म्हणाला?"

"ऐका तर खरं. महिनाभर हातच लावला नाही शर्टाला. मी रोज दुपारी जाऊन बसायचो, शर्ट शेजारी ठेवून. एक दिवस विचारलं त्यानं, 'मी कुठं आहे ते आईनं वाचलं का?' मी म्हटलं, हो, वाचलं. तो उठायच्या बेतात. मग म्हणाला, 'कधी?' म्हटलं, महिना झाला. 'मग आली का नाही?' तुम्ही सांगितलं होतं ते सांगितलं. बसला पुन्हा. नखानं पायरीवर रेघा मारत बसला किती वेळ. मग शर्ट उचलला आणि घेऊन गेला." त्यानं घाम पुसला. "परवा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, 'बाह्या लांब होतात. आईला सांग.'"

काकूंनी शर्ट टेबलावर पसरला. बाह्यांकडे बघितलं, मग खांद्यांकडे. बाह्या त्यांनी कापल्या होत्या बरोबरच, त्याच्या हातांची लांबी त्या झोपेतही चुकल्या नसत्या. माणूस वाळला, खांदे उतरले, की शिवण दंडावर येते आणि बाही बोटांपर्यंत लोंबते. शिवणारीला हे सांगावं लागत नाही. त्याच्या खांद्याची खरी कड जिथं यायची तिथं धुऊनही न गेलेली मळकट घडी होती; शिवणीपासून तिथवर त्यांनी दोन बोटं ठेवली, किती आत घ्यावं लागेल ते बघायला. दोन बोटं पुरेनात, तीन लागली. नुसती तीन बोटं तिथं ठेवून उभ्या राहिल्या.

मग उसवायला शर्ट उलटा केला आणि हाताला काहीतरी लागलं. आतल्या खिशात कागद होता, घडी घातलेला.

जांभईबहाद्दर पुढं झाला. "राहिला वाटतं. विसरला."

"तो?" काकू म्हणाल्या. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला जो विचारतो, वाचलं का, तो माणूस हा कागद खिशात विसरत नसतो.

"मग तुमच्यासाठीच असेल. उघडा की काकू."

काकूंनी कापडावरूनच कागदावर हात ठेवला. सहा वर्षांत त्याच्या इतक्या जवळ त्या आल्या नव्हत्या. पत्ता जुनाच असेल का? 'हरवलो तर इथं आणून सोडा' हे अजून असेल का, की खोडलं असेल? एक घडी उलगडायचा अवकाश होता. त्यांनी एक टाचणी घेतली आणि खिशाचं तोंड बंद करून टाकलं, मशीनच्या धक्क्यानं कागद पडू नये म्हणून. मग दोन्ही खांदे उसवले, आत घेतले, पुन्हा शिवले, टाचणी काढली आणि शर्टाची घडी घातली.

"विचारलं तर काय सांगू?" त्यानं पिशवी हातात घेत विचारलं.

"सांग, बाह्या बरोबर होत्या, खांदा आत घेतलाय. आणि कागद जिथं होता तिथंच आहे."

तो दारापर्यंत गेला तशी काकूंनी त्याला हाक मारून थांबवलं. "त्याला म्हणावं, अंगात घालून बघ. पुन्हा काही कमी-जास्त झालं तर पाठवून दे, मी इथंच आहे."